छोट्या गाडीचे ब्रेक : खर्च आधी कुठे करावा?

महाराष्ट्रातून कामानिमित्त दिल्लीला जाणाऱ्यांना कस्तुरबा गांधी मार्ग चांगला परिचयाचा आहे. २०१३ साली सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. सदनातून कॅनॉट प्लेसच्या दिशेने निघालात, की पुढे २५ क्रमांकाची ‘जीवन प्रकाश’ ही इमारत लागते. मारुती उद्योगचे कार्यालय अनेक वर्षे तिथे होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गीय घराच्या दारात चारचाकी उभी राहू लागली. जानेवारी २०१४ मध्ये त्या गाडीचे उत्पादन थांबले. पण झेन, अल्टो, वॅगनआर ही तिची भावंडे आणि आपल्या पुण्यात तयार झालेली इंडिका अजून कितीतरी कुटुंबांच्या सेवेत आहेत. कुणी ती नवी घेतली, कुणी मामांकडून किंवा ओळखीच्यांकडून जुनी घेतली.

या गाड्या आखल्या गेल्या तेव्हाचे रस्ते आठवा. शहरातला प्रवास, चाळीस-पन्नासचा वेग, फार तर वर्षातून एकदा गावाला जाणे. आज तीच गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा २०१२ मध्ये खुल्या झालेल्या १६५ किलोमीटरच्या यमुना एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या रांगेतून धावते. आत चार माणसे, डिकीत सामान, आणि दिल्लीकडे तर बहुतेक वेळा सीएनजीचे लोखंडी सिलिंडरही. त्याचेच वजन साठेक किलो, म्हणजे एक जादा माणूस कायमचा मागे बसवल्यासारखे.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, “बाबा, मोठी अलॉय व्हील, मागे डिस्क ब्रेक आणि खाली बसणाऱ्या स्प्रिंगा टाकू या. गाडी कशी चिकटून धावेल बघा!” बाबा वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणतात, “गाडी चालते आहे ना? मग उगाच खर्च कशाला?” खर्च करावा, हे मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी यादीच्या तळाशी जायला हव्यात, आणि त्यातली एक तर यादीतूनच काढून टाकायला हवी.

खर्च करावा असे आम्ही का म्हणतो, तेही सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यात अल्टो ८०० होती, तशाच परदेशी नावाच्या गाड्याही होत्या. पुढे नियम कडक झाले. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत, करकचून ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. पण आपल्या दारातली गाडी त्याआधीची असेल, तर तिला धडक झेलता येणार नाही हे धरूनच चालावे. ती वेळेवर थांबली पाहिजे, एवढाच उपाय आपल्या हातात उरतो.

थांबणे म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातल्या हिशेबाने समजून घेऊ. माणसांसह ९०० किलो वजनाची गाडी ताशी ८० च्या वेगावरून थांबते, तेव्हा ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यात साधारण पाऊण लिटर पाणी उकळेल. घरातल्या सगळ्यांच्या चहाचे आधण! आणि हे एकदाच थांबताना. घाट उतरताना मिनिटागणिक ब्रेक दाबला तर काय होत असेल, याची कल्पना करा. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ताशी ६० ला, कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरवर, धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे ३७ मीटर लागतात. त्यात ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा एक सेकंद धरला आहे. ताशी १०० ला हेच अंतर ८४ मीटरच्या घरात जाते. पावसात किंवा धुक्याने ओलसर झालेल्या रस्त्यावर त्यात आणखी भर.

पहिला खर्च टायरचा

ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो आणि सगळी पकड तेवढ्यावरच असते. जुन्या, कडक झालेल्या टायरवर हजारो रुपयांचे ब्रेक बसवले, तर चाक लवकर जाम होईल आणि गाडी घसरत पुढे जाईल.

म्हणून आधी टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी भरपूर दिसत असली तरी सहा-सात वर्षांनी रबर कडक होऊ लागते. कमी फिरणाऱ्या गाडीत ही फसगत नेहमीची, कारण टायर ‘नवाच’ दिसतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की कायद्यानेही टायर बाद होतो. पावसाळ्यापूर्वी तर त्याच्या आधीच बदललेला बरा.

थोडा रुंद टायर घ्यायला हरकत नाही, पण त्याची एकूण उंची मूळच्या टायरपेक्षा दोन-तीन टक्क्यांहून अधिक बदलू नये. उदाहरणार्थ, १४५/८० आर १२ हा टायर सुमारे ५३७ मिलिमीटर उंच असतो आणि १५५/६५ आर १३ सुमारे ५३२ मिलिमीटर. हा फरक एक टक्क्याचा, म्हणजे चालण्यासारखा. मात्र रिम बदलताना ती आपल्याच मॉडेलला बसणारी आहे का, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का, हे पाहून घ्यावे. चौदा-पंधरा इंची जड अलॉय चाके छोट्या गाडीला शोभून दिसतात खरी. पण चाक जितके जड तितके ते थांबवणे अवघड, आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो.

ब्रेक ऑइलकडे कुणी बघत नाही

इंजिन ऑइल बदलले की नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असते. ब्रेक ऑइलची चौकशी कुणी करत नाही. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे कोरडे ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळते. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हे किमान आकडे २३० आणि १५५ आहेत. आता बोरघाट, कसारा किंवा मसुरीचा उतार डोळ्यांसमोर आणा. चाकाशी ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन थेट खाली जाते. पॅड नवे, डिस्क नवी, तरी ब्रेक नाही!

दर दोन वर्षांनी हे ऑइल पूर्ण काढून नवे भरावे. ‘वरून थोडे टाकले’ हे उत्तर गॅरेजवाल्याकडून ऐकून घेऊ नये. गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर डॉट ४ घ्यावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल असते. नावात आकडा मोठा म्हणून ते ओतू नये. सगळ्या ‘अपग्रेड’मध्ये हे काम सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे. आणि उतारावर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच उतरवावी, हे तर फुकटच आहे.

त्यानंतर पुढच्या चाकांचे पॅड. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक काम पुढची चाके करतात. चांगल्या कंपनीचे पॅड, सपाट आणि पुरेशा जाडीची डिस्क, कॅलिपरच्या सरकत्या पिनांना ग्रीस, आणि तडे गेलेल्या रबरी नळ्या बदलणे, एवढ्याने पेडलचा फरक पायाला लगेच कळतो. कश्मीरी गेट असो वा पुण्याची नाना पेठ, सुट्या भागांच्या कोणत्याही मोठ्या बाजारात सारख्याच दिसणाऱ्या डब्यांत वेगवेगळ्या दर्जाचा माल असू शकतो. पक्के बिल देणाऱ्याकडूनच घ्यावे.

आता मुलाचा लाडका प्रश्न : मागे ड्रमऐवजी डिस्क? आमचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. छोट्या, हलक्या गाडीत मागच्या चाकांवर ब्रेकच्या क्षणी भार फारसा उरतच नाही. तिथे जोर वाढवला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा जोर कंपनीने मोजून वाटलेला असतो. तो बिघडवण्यापेक्षा मागचे ड्रम उघडून साफ करावेत, लायनर पाहावेत, सिलिंडर गळत नाही ना ते बघावे आणि हँडब्रेक आवळून घ्यावा. पुढे मोठी डिस्क बसवायची असेल, तर ती त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीची आणि आपल्या रिममध्ये मावणारी असावी, आणि काम जाणत्या माणसाकडूनच व्हावे.

धक्का खाणारे कोण?

शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, नावाप्रमाणे धक्का खातो असा समज आहे. धक्का खाते ती स्प्रिंग. स्प्रिंगचे उड्या मारणे थांबवणे हे शॉकअपचे काम. तो थकला की खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीवरून क्षणभर उचलले जाते, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. म्हणून शॉकअपचा खर्च हाही ब्रेकचाच खर्च समजावा.

घरीच तपासा. बॉनेटच्या कोपऱ्यावर जोराने दाबून हात सोडा. गाडी एकदा वर येऊन बसली तर ठीक. झोपाळ्यासारखी हलत राहिली तर शॉकअप गेला. त्याच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसले तर हलवून पाहण्याचीही गरज नाही. बदलताना एका बाजूचा बदलू नये, जोडीनेच बदलावा. गॅस भरलेला शॉकअप आपल्या मॉडेलसाठी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा. आणि गाडी उघडलीच आहे तर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि वरचे रबरी माउंटही पाहून घ्यावेत. ‘खड् खड्’ आवाज बऱ्याचदा यांचाच असतो आणि दोष मात्र शॉकअपला मिळतो. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट केलेच पाहिजे. नाही तर नवे टायर चार महिन्यांत एका कडेने झिजतील.

यादीतून काढून टाकायची गोष्ट म्हणजे गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापणे. गॅसच्या ज्योतीने तापवून कापलेल्या स्प्रिंगचे पोलाद कमजोर होते आणि ती खड्ड्यात मोडू शकते. शिवाय आपल्याकडचे गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीतला मोजून पाहा, मग गाडी खाली करायची की नाही ते ठरवा. उलट बाजूने, गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे अडकवतात, तेही टाळावे. त्याने स्प्रिंगची हालचालच अडते. सीएनजीमुळे मागची बाजू बसली असेल तर पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तिथे मागच्या स्प्रिंगा नव्या बसवणे हाच सरळ मार्ग.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा चांगला भाग बसवला, तर अडचण येऊ नये. वेगळ्या मापाचे काही बसवण्यापूर्वी मात्र आरटीओ आणि विमा कंपनीला विचारावे. दावा फेटाळला गेल्यावर विचारून उपयोग नाही. दिल्लीकर वाचकांनी आणखी एक पाहावे. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत. आपली गाडी त्या वयाची असेल तर ताजा आदेश वाचूनच मोठा खर्च करावा.

नवे पॅड बसवल्यावर पहिले दोन-अडीचशे किलोमीटर ते डिस्कवर नीट बसायचे असतात. तोवर करकचून ब्रेक दाबणे टाळावे. गॅरेजमधून निघताना मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही असे पाहून, ताशी ३० वरून गाडी थांबवून बघावी. ती डावी-उजवीकडे ओढत असेल, किंवा पेडल दोनदा दाबावे लागत असेल, तर पैसे देण्याआधी तिथल्या तिथे परत फिरवावी.