सहा सुऱ्या टेबलावर, बोथट चाकू ओट्यावर

मंडळी, आजचा विषय जरा धारदार आहे :-)

हल्ली वास्तुशांत असो की लग्नाचा वाढदिवस, आहेरात एक नवं प्रकरण दिसायला लागलंय. मखमली खोक्यात, लाकडी मुठीच्या सहा सुऱ्या. स्टेक नाइफ! आमच्या संभाजीनगरात (तोंडात अजून औरंगाबादच येतं) नव्या फ्लॅटांत सहा खुर्च्यांचं टेबल आलं, आता त्यावर सहा सुऱ्याही हव्यात म्हणे. माझं स्पष्ट मत सांगतो. हा निव्वळ देखावा आहे, आणि त्याची किंमत घरातलं भलतंच माणूस मोजतंय.

मुळात स्टेक आहे कुठे? महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गोहत्येवर बंदी आली, २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. उरलं म्हशीचं मांस. ते आपल्या किती घरांत शिजतं, हे तुम्हीच सांगा. मग या सुऱ्या कापणार काय? पिझ्झा आणि पनीर!

बरं, मांस खायची रीत आपल्या गावाला शिकवायची गरज नाही. शहागंजच्या बाजूला जाऊन नान खलिया खाऊन बघा. १३२७ साली तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असं सांगतात. खरंखोटं असो, पण मांस इतकं शिजलेलं असतं की नानच्या तुकड्याने आणि दोन बोटांनी सुटून येतं. आपल्याकडे कापायचं काम खाटिक करतो, उरलेलं स्वयंपाकघरात होतं. जेवणाऱ्याच्या हातात शस्त्र द्यावं लागत नाही.

आणि खरी गोम इथेच आहे. पूर्वी विळी होती. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर चढला, विळी मागे पडली आणि चाकू आला. त्याला धार लावायची जबाबदारी मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाही. गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला सोसायटीच्या गेटातून आत येत नाही. परिणाम काय? शोकेसमध्ये सहा लखलखीत सुऱ्या, आणि आई, बायको किंवा कामाच्या मावशी रोज बोथट चाकूने कांदा रगडतायत. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, म्हणून तो घसरतो आणि बोटावर येतो. हे पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर खर्चही होत नाही!

कुणी म्हणेल, आम्ही खरंच स्टेक खातो. जरूर खा. पण मग निवड तरी नीट करा. दातेरी पातं बरेच दिवस चालतं, कारण चिनीमातीच्या ताटलीवर फक्त दातांची टोकं घासतात, मधल्या खाचांची धार शाबूत राहते. पण ते मांसाचे धागे फाडतं, आणि बोथटलं की साध्या दगडावर त्याला धार लागत नाही. सपाट पातं स्वच्छ कापतं, पण ताटलीवर लवकर बोथट होतं. त्याला घरी धार लावता येते. म्हणजे दोन्हीकडे प्रश्न तोच, धार कोण लावणार?

बाकीच्यांनी त्याच पैशांत एक चांगला चाकू घ्या. पात्याचं पोलाद मुठीतून शेवटपर्यंत गेलेलं असावं, आणि धरून बघावा तो रोज कापणाऱ्याने. सोबत धारेचा दगड घ्या. दगड ओला करायचा, पातं साधारण १५ ते २० अंशांत तिरकं धरायचं, दोन्ही बाजूंनी सारखं घासायचं. पिकल्या टोमॅटोत दाब न देता पातं उतरलं की झालं काम. आणि हे काम घरातल्या, ज्यांना फक्त जेवायला बसायचं ठाऊक आहे, त्यांनी करावं.

तेव्हा समस्त काका-मामा-आत्यांनो, पुढच्या आहेराला मखमली खोकं नको. दगड आणा, आणि धार लावून द्यायला तासभर थांबा. चहा आमच्याकडे!