वीज मक्तेदाराची, अंधार आपला



विजेच्या दराविषयी आज महाराष्ट्रात जो असंतोष धुमसत आहे तो मुळीच अनाठायी नाही. घरपट्टी वर्षातून एकदा येते. विजेचे बिल दरमहा उंबरठ्यावर येऊन उभे राहते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि अखेरीस १६ टक्के वीज शुल्क अशी त्यातील रकान्यांची रांग असते. महिनाभर घराला कुलूप असले तरी स्थिर आकार चुकत नाही. आणि एवढे देऊनही पावसाची पहिली सर आली की दिवा विझतो, तो कधी लागेल हे सांगण्यास फोन उचलणाराही कोणी नसतो. मग लोक कचेरीवर जातात, घोषणा होतात, कोणी दगड उचलतो. न्यायालयात वीस वर्षे वावरलेल्या माणसाने सांगावे ते एवढेच की, दगड उचलणाऱ्या पोरांच्या नावावर खटला राहतो आणि बिल होते तेथेच राहते.

वीज कोणाच्या मालकीची असावी हा प्रश्न आपल्यापुढे आज प्रथमच आलेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत भरलेल्या धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी हाच प्रश्न उघडपणे मांडला होता. वीज खासगी मालकीची असावी की राज्याच्या, आणि खासगी असेल तर जनतेच्या हितरक्षणासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालाव्यात, असे त्यांनी विचारले होते. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, ही त्यांची कसोटी होती. पुढे १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योगधंदे राज्याच्याच मालकीचे व राज्यानेच चालविलेले असावेत, अशी मागणी केली. ज्यांना बाबासाहेबांचे नाव केवळ राखीव जागांपुरते आठवते त्यांनी ही पानेही कधी उलटून पाहावीत.

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे निर्माण झाली. आपले मंडळ १९६० साली जन्मास आले. मंडळ निर्दोष होते असे कोणी म्हणू नये. गावकुसाबाहेरील वस्तीला तारेचा खांब सर्वांत शेवटी मिळाला, तो मंडळाच्याच राज्यात. परंतु मंडळाच्या दोषांवर जे औषध देण्यात आले ते रोगाहून भारी ठरले. दाभोळचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९९३ च्या डिसेंबरात स्पर्धात्मक निविदा न मागविता एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार झाला. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यावेच लागतील, अशी त्यात अट होती. १९९९ च्या मे महिन्यात त्या प्रकल्पाची वीज वाहू लागली आणि दोन वर्षांतच दर असह्य होऊन प्रकल्प बंद पडला. कंपनी परदेशात दिवाळखोर झाली. येथे खड्डा पडला तो मंडळाच्या तिजोरीत, म्हणजे अंती ग्राहकाच्या खिशात.

त्यानंतर २००३ चा वीज कायदा आला. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचे तुकडे होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. वितरण कंपनीनेही पुढे काही शहरांचे वितरण फ्रँचाइझी नावाच्या मक्तेदारांकडे सोपविले. २००७ मध्ये भिवंडी, २०११ मध्ये नागपूरचे तीन विभाग, औरंगाबाद व जळगाव, आणि २०२० मध्ये मालेगाव, मुंब्रा व कळवा असा हा क्रम आहे. परिणाम काय झाला? औरंगाबादचा मक्ता २०१४ मध्येच संपुष्टात आला, जळगावचा २०१५ मध्ये, आणि नागपूरचा कारभार २०१९ च्या सप्टेंबरात महावितरणला परत हाती घ्यावा लागला. भिवंडीत वीजगळती कमी झाली, यंत्रणा सुधारली, हे विरोधकांनीही मान्य करावे. तथापि तेथेच बिलांविरुद्ध व वीजचोरीच्या खटल्यांविरुद्ध सर्वाधिक ओरड झाली, हेही तितकेच खरे. ओरिसाने तर १९९९ मध्ये साऱ्या राज्याचे वितरण खासगी हाती दिले. चक्रीवादळाने तारा कोसळल्यावर दोन वर्षांच्या आत एक परदेशी कंपनी काढता पाय घेऊन गेली, आणि उरलेले तीन परवाने २०१५ मध्ये आयोगाला रद्द करावे लागले.

मक्तेदारीचा खरा दोष नफा हा नव्हे. दुकानदारही नफा घेतो. पण त्याचे दुकान आवडले नाही तर आपण पुढच्या दुकानात जातो. विजेची तार एकच असते. तिच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला कोण हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नसतो. अशा स्थितीत तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला मक्तेदार म्हणतो, दर आयोगाने ठरविले. महावितरण म्हणते, हा भाग आमच्याकडे नाही. आणि आयोग म्हणतो, वैयक्तिक बिलाची तक्रार आमच्यापुढे चालत नाही. तिघेही आपापल्या परीने अर्धसत्य बोलतात आणि त्या तीन अर्धसत्यांच्या मध्ये आपले गाऱ्हाणे बुडते.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. कायद्याच्या कलम १४ च्या परंतुकानुसार मक्तेदाराला वेगळा परवाना लागत नाही खरा, परंतु त्याच परंतुकाने वितरणाची जबाबदारी मूळ परवानाधारकावरच ठेवलेली आहे. ज्या शहरात मक्तेदार आहे तेथे बिलावर कोणाचेही नाव छापलेले असो, तुमचा अर्ज दोघांच्याही नावे जाऊ द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा केलेला अर्ज नव्हे.

वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे कलम ५६ प्रमाणे बंधनकारक आहे. सकाळी माणूस येतो, शिडी लावतो आणि तार काढून नेतो, हा कायदा नव्हे. बिल चुकीचे वाटत असेल तर ‘हरकत राखून’ असे लिहून रक्कम भरता येते. मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतील जी कमी असेल ती भरल्यावर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ही तरतूद गरिबाच्या दृष्टीने साऱ्या कायद्यात सर्वांत मोलाची आहे आणि तिची माहिती सर्वांत कमी आहे. जुन्या, दोन वर्षांपलीकडच्या आणि मधल्या बिलांत थकबाकी म्हणून सातत्याने न दाखविलेल्या रकमेसाठीही वीज तोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले. मात्र अशा रकमेची मागणीच करता येत नाही असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ही मर्यादा विसरून कोणी गैरसमजात राहू नये.

आता एका प्रथेविषयी. काही घरांची थकबाकी राहिली म्हणून अख्ख्या वस्तीचे रोहित्र, ज्याला आपण डीपी म्हणतो, तेच बंद करून टाकण्यात येते. नियमित बिल भरणारी विधवा आणि तीन वर्षे न भरणारा शेजारी दोघेही एकाच अंधारात बसतात. कलम ५६ चे शब्द पाहा: जी व्यक्ती देणे देण्यात कसूर करील तिचा पुरवठा तोडता येईल. व्यक्ती, वस्ती नव्हे. एकाच्या कसुरीबद्दल साऱ्या वस्तीला शासन करणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. पाणवठा बंद करणाऱ्यांचे तर्कशास्त्र हेच होते. ज्यांची बिले भरलेली आहेत त्यांनी अशा वेळी पावत्या एकत्र करून एकाच दिवशी स्वतंत्र अर्ज द्यावेत. एकाच कागदावर शंभर सह्या करण्यापेक्षा शंभर अर्ज अधिक जड असतात, कारण प्रत्येकाचे उत्तर द्यावे लागते.

ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज करण्यास वकील लागत नाही. (माझे व्यवसायबंधू यावर रागावतील, त्यास इलाज नाही.) मंचाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. वीजचोरीचा आरोप मात्र वेगळ्या वाटेने जातो. तो मंचापुढे चालत नाही. अशा झडतीच्या वेळी जप्त वस्तूंची यादी करून ती घरातील माणसाला देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. प्रौढ पुरुष हजर असल्याखेरीज सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत राहत्या घराची झडती घेता येत नाही. घरातील कर्त्या बाईच्या उपस्थितीला कायद्याने किंमत दिली नाही, हे मला खटकते; पण जे संरक्षण आहे ते घरातील बायकांना तोंडपाठ असावे, कारण दार बहुधा त्याच उघडतात. चोरी खरोखर होत असेल तर मात्र तिचे समर्थन करू नका. आकडा टाकणाऱ्याच्या विजेची किंमत शेजाऱ्याच्या बिलात उतरते, आणि साऱ्या वस्तीला चोर ठरविण्यास एक आकडा पुरतो.

ज्यांना अजून मीटरच मिळालेले नाही त्यांच्यासाठी कलम ४३ आहे. जागेचा मालक किंवा भोगवटादार अर्ज करील तर त्याला वीज द्यावी, असे ते सांगते. केवळ मालकच नव्हे, भोगवटादारही. सात-बारा दाखव मग मीटर देतो, असे म्हणणाऱ्यास हा शब्द दाखवा. २०२१ च्या १४ एप्रिलला महावितरणने अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना काढली होती. तिच्यात अनामत रक्कम पाचशे रुपये, तीही पाच हप्त्यांत, अशी सवलत होती. पण त्या जागेवर मागील थकबाकी नसावी ही अट असल्याने, ज्यांची वीज दारिद्र्यामुळेच तुटली होती ते दाराबाहेरच राहिले. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीच्या केंद्रीय आदेशात स्थान आहे, तेव्हा अशी योजना पुन्हा निघाल्यास धर्माच्या रकान्यावरून कोणी अर्ज परत करू लागला तर तो स्वीकारू नका. लेखी कारण मागा.

दर ठरतात ते आयोगापुढे. कलम ६४ प्रमाणे कंपनीचा दरप्रस्ताव प्रसिद्ध व्हावा लागतो आणि त्यावर जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने दर कमी करणारा आदेश दिला होता. चारपाच दिवसांतच कंपनीच्या अर्जावरून त्यास स्थगिती मिळाली आणि जूनमध्ये निराळा आदेश निघाला. कंपनीचा माणूस आयोगाच्या दारात रोज उभा असतो, आपण वर्षानुवर्षे फिरकत नाही. सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. प्रत्येक विहाराने एखाद्या शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे एवढेच काम सोपवावे की, ती जाहिरात दिसताच कात्रण फलकावर लावायचे आणि पौर्णिमेच्या बैठकीत हरकतीचा मसुदा वाचून दाखवायचा. मसुद्यात भाषण नको. गेल्या बारा महिन्यांत वस्तीत वीज किती वेळा गेली, किती तास गेली आणि बिल किती आले, एवढे तारखांनिशी लिहिले की पुरे. ती वही आजपासून घाला.