आईबापांविरुद्धची तबकडी

पुस्तकाच्या वेष्टणावर किंवा तबकडीच्या पाकिटावर जे अभिप्राय छापले जातात ते बहुधा स्तुतीचेच असतात. निंदेचा अभिप्राय आपल्याच हाताने आपल्याच मालावर चिकटवणारे विरळा. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ‘ब्लॅक फ्लॅग’ या बँडने नेमके हेच केले. ‘डॅमेज्ड’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम बाजारात येण्याच्या बेतात होता. ‘युनिकॉर्न’ नावाच्या एका छोट्या कंपनीशी त्यांचा करार झालेला होता आणि युनिकॉर्नचा माल दुकानांपर्यंत पोचवण्याचे काम ‘एमसीए’ या बड्या कंपनीकडे होते. एमसीएच्या वितरणाचे प्रमुख अल बर्गामो यांनी तबकडी ऐकली आणि एक पालक म्हणून आपल्याला ती पालकविरोधी वाटते, असा शेरा मारून ती विकण्यास नकार दिला. पाकिटे तर छापून तयार होती आणि त्यांवर एमसीएचे बोधचिन्हही होते. मग बँडच्या मंडळींनी बर्गामो यांचे तेच वाक्य चिठ्ठ्यांवर छापून घेतले आणि एकेका पाकिटावर त्या बोधचिन्हावरच चिकटवून टाकले. नकाराची जाहिरात झाली.

ही हकिगत ‘हार्डकोअर पंक’ या संगीतप्रकाराच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते आणि ती सांगताना बर्गामो यांना हसण्याची पद्धत आहे. मला त्या हसण्यात फारसे स्वारस्य नाही. एखाद्या कलाकृतीविषयी ऐकणाऱ्याने मत द्यायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न या एका तबकडीच्या निमित्ताने जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचित दिसतो, म्हणून तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

ज्यांनी हा प्रकार कधी ऐकलेला नाही अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. ब्लॅक फ्लॅग हा लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या हर्मोसा बीच या समुद्रकाठच्या गावातला बँड. १९७६ साली ग्रेग गिन या गिटारवादकाने तो सुरू केला. हा गिन अर्थशास्त्र शिकलेला. पोरवयातच त्याने हौशी रेडिओवाल्यांना लागणारी उपकरणे टपालाने विकण्याचा धंदा काढला होता. त्याच धंद्याचे ‘एसएसटी’ हे नाव त्याने पुढे आपल्या रेकॉर्ड कंपनीला दिले. बँडचे चार काळ्या पट्ट्यांचे चिन्ह त्याचा भाऊ रेमंड पेटिबोन याने काढले. हाच पेटिबोन पुढे चित्रकार म्हणून जगभर नावाजला गेला. गायक मात्र टिकत नव्हते. १९८१ च्या उन्हाळ्यात चौथा गायक आला, तो हेन्री रोलिन्स. त्याआधी तो वॉशिंग्टनमध्ये एका आइस्क्रीमच्या दुकानात व्यवस्थापक होता.

त्यांच्याविषयीचे श्रोत्यांचे एक अगदी सुरुवातीचे मत खाद्यपदार्थांच्या रूपाने व्यक्त झालेले आहे. जुलै १९७९ मध्ये शेजारच्या मॅनहॅटन बीच या गावातल्या पॉलिवॉग पार्क या सार्वजनिक बागेत बँडचा कार्यक्रम झाला. रविवारची दुपार, कुटुंबे मुलाबाळांसह सहलीला आलेली, समोर हिरवळीवर डबे उघडलेले. गाणे सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्या डब्यांतले जिन्नस रंगमंचाच्या दिशेने येऊ लागले. हे मत प्रामाणिक होते, यात शंका नाही. त्या लोकांनी जे ऐकले त्याला त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले आणि त्यांचा त्यात काही आडपडदा नव्हता.

‘डॅमेज्ड’मध्ये पंधरा गाणी आहेत आणि सगळी मिळून पस्तीसेक मिनिटांची आहेत. गिटारचा आवाज करवतीसारखा आणि गाणाऱ्याचा आवाज घसा सोलवटून निघावा असा. आमच्या पिढीचे कान नाट्यसंगीतावर आणि भावगीतावर पोसलेले. एकेका जागेसाठी जीव टाकणाऱ्या गवयांची सवय झालेल्या माणसाला या आवाजात सुरुवातीला पाय ठेवायलाही जागा मिळत नाही. मुखपृष्ठावर मुंडण केलेला रोलिन्स आरशावर मूठ मारताना दिसतो, आरसा तडकलेला आहे आणि हातावर रक्त आहे. (आरसा आधीच हातोड्याने तडकवलेला होता आणि रक्तही रंग कालवून केलेले, ही माहिती चाहत्यांच्या उत्साहावर थोडे पाणी टाकणारी आहे.)

पण मुद्दा असा की, हे मुखपृष्ठ नीट पाहिले तर माणूस मारतो आहे ते स्वतःच्याच प्रतिबिंबाला. गाण्यांचेही तसेच. त्यांत पोलीस आहेत, आणि ते असायलाच हवेत, कारण त्या काळात लॉस एंजेलिसचे पोलीस या मंडळींचे कार्यक्रम वारंवार उधळून लावत असत. त्यांत बिअर आहे, नैराश्य आहे, डोक्यातला गोंगाट आहे. ‘टीव्ही पार्टी’ आणि ‘सिक्स पॅक’ या दोन गाण्यांत तर दूरदर्शनसंचासमोर बिअर ढोसत बसणाऱ्या तरुणांची, म्हणजे आपल्याच वयाच्या आणि आपल्याच ओळखीच्या पोरांची, टिंगल आहे. ती टिंगल न कळता तीच गाणी पार्टीत मोठ्याने लावणारे श्रोतेही निघाले, तो भाग वेगळा. या सगळ्यांत आईबाप कुठे आहेत? शोधून पाहिले तर जवळजवळ नाहीतच. तबकडीतला बहुतेक राग स्वतःवरचा आहे. ‘पालकविरोधी’ हा शेरा म्हणूनच मला नवलाचा वाटतो. ऐकणाऱ्याने तबकडीत ती गोष्ट ऐकली, जी तिच्यात नव्हती.

की ऐकलीच नव्हती? एसएसटीत अनेक वर्षे काम केलेल्या जो कार्डुची यांनी पुढे दिलेला खुलासा इथे महत्त्वाचा आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पालकत्वाचे कारण हा निव्वळ बहाणा होता. युनिकॉर्न कंपनीचा कारभार ढिसाळ होता, ती कर्जात बुडालेली होती आणि एमसीएला तिच्याशी असलेले संबंध तोडायला निमित्त हवे होते. ते या तबकडीने पुरवले. कार्डुची हे एका पक्षाचे साक्षीदार आहेत हे लक्षात घेऊनही, बँकेच्या खुर्चीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हा खुलासा ओळखीचा वाटल्याशिवाय राहत नाही. कर्जाचा अर्ज ताळेबंद पाहून नामंजूर होतो आणि अर्जदाराला मात्र त्याच्या चालीरीतीविषयी चार शब्द ऐकवले जातात, हे आमच्या व्यवसायात कुठल्याही शाखेत घडत आले आहे. आकड्यांचे कारण दिले तर समोरचा आकडे घेऊन वाद घालतो. नीतीचे कारण दिले की वाद संपतो आणि वर देणाऱ्याची मान ताठ राहते. विक्रेत्याला एखादा माल न विकण्याचा पूर्ण अधिकार आहे, बापालाही एखादी तबकडी न आवडण्याचा पूर्ण अधिकार आहे. फक्त विक्रेत्याचे कारण बापाच्या तोंडी घालू नये, एवढीच अपेक्षा.

पुढचे प्रकरण तर कोर्टकचेरीचेच आहे. बँडने तबकडी एसएसटीतर्फे बाजारात आणली. युनिकॉर्नने दावा लावला. ‘ब्लॅक फ्लॅग’ या नावाने नवीन काही प्रसिद्ध करण्यास मनाई हुकूम झाला. १९८२ साली जुन्या ध्वनिमुद्रणांचा ‘एव्हरीथिंग वेंट ब्लॅक’ हा संच निघाला, त्यावर बँडचे नाव नव्हते, फक्त वाजवणाऱ्यांची आणि गाणाऱ्यांची नावे होती. तेवढ्यावरून न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला आणि १९८३ मध्ये ग्रेग गिन व बेसवादक चक डुकॉव्स्की यांना पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस युनिकॉर्नचे दिवाळे वाजले आणि बँड मोकळा झाला. एका शेऱ्यापासून निघालेली वाट तुरुंगाच्या दारापर्यंत गेली. ज्याला आपण नुसते ‘मत’ म्हणतो त्याच्या मागे पैसा आणि सत्ता उभी असली की ते नुसते मत राहत नाही, हा यातला धडा आहे.

आता या हकिगतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. ‘आईबापांविरुद्ध’ ठरलेल्या या बँडला त्या कंगालीच्या वर्षांत जगवले कोणी? ग्रेग गिनच्या आईबापांनी. वडील रेजिस गिन इंग्रजीचे अध्यापक, शिवाय हेरकथांच्या कादंबऱ्या लिहिणारे. या घराने पोरांना जेवू घातले, जुन्या बाजारातून त्यांच्यासाठी कपडे आणले. हेन्री रोलिन्स तर त्या घराच्या परसातल्या एका खोपटात राहत असे. त्याने या वर्षांविषयी १९९४ च्या ‘गेट इन द व्हॅन’ या दैनंदिनीवजा पुस्तकात लिहिले आहे आणि त्याच्याच वाचनाच्या ध्वनिमुद्रणाला १९९५ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पोरांचे संगीत या म्हाताऱ्यांच्या कानाला गोड लागत होते काय, हा प्रश्न माझ्या मते गौण आहे. आवाज ऐकवत नसेल तरी पोर उपाशी राहू नये, एवढे कळण्यासाठी संगीताचे ज्ञान लागत नाही. एक बाप ‘पालक’ या पदाचा शिक्का वापरून बाजूला झाला, दुसरा काही न बोलता भाकरी वाढत राहिला. ‘डॅमेज्ड’विषयी पालकांचे मत काय, असे कोणी विचारले तर ही दोन्ही मते नोंदवायला हवीत.

चाहत्यांची मतेही एकसुरी नाहीत. पहिला गायक कीथ मॉरिस याच्या आवाजातली १९७९ ची छोटी तबकडी हाच खरा ब्लॅक फ्लॅग, रोलिन्स आला आणि गाण्यातला खट्याळपणा गेला, असे मानणारा एक कट्टर पंथ आजही आहे. उलट, या गाण्यांना रोलिन्सनेच वजन दिले असे सांगणारा दुसरा पंथ आहे. समीक्षकांनी मात्र फारशी खळखळ केली नाही. ‘व्हिलेज व्हॉइस’च्या रॉबर्ट ख्रिस्तगाऊ यांनी शाळामास्तराच्या थाटात ‘ए-उणे’ ही श्रेणी दिली. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने २००३ साली सर्वकालीन पाचशे अल्बमची यादी केली तेव्हा ‘डॅमेज्ड’ला ३४०वे स्थान मिळाले. २०२० च्या यादीत ते ४८७वर घसरले. विकण्याच्या लायकीची नाही म्हटलेली वस्तू दोनदा मानाच्या पंगतीत बसली. पण यादीतल्या क्रमांकानेही ऐकणाऱ्याचे काम संपत नाही. ते क्रमांकही शेरेच, फक्त सभ्य अक्षरात लिहिलेले.

मला सर्वांत रोचक वाटते ते डेव्हिड लाँगस्ट्रेथ या संगीतकाराचे उत्तर. ‘डर्टी प्रोजेक्टर्स’ या आपल्या बँडतर्फे त्याने २००७ साली ‘राइज अबव्ह’ नावाचा अल्बम काढला. पोरवयात ऐकलेली ‘डॅमेज्ड’ पुन्हा न ऐकता, केवळ आठवणीवर विसंबून त्याने ती नव्याने रचली. करवतीसारख्या गिटारच्या जागी तिथे नाजूक वाद्ये आणि गुंफलेले स्त्रीस्वर आहेत. कानात वर्षानुवर्षे राहिलेल्या गोष्टीचे काय होते, याचा तो हिशेब आहे. अशा ऐकण्याला मी मत म्हणेन.

याचा अर्थ ही तबकडी निरुपद्रवी आहे असा नाही आणि तसे म्हणणे तिचाच अपमान होईल. हार्डकोअरच्या कार्यक्रमांत धक्काबुक्कीची रक्तबंबाळ मारामारी होऊ लागली, हे खरे आहे. त्या हुल्लडीत आधी बरोबरीने असलेल्या मुली कडेला ढकलल्या गेल्या, हेही अनेकांनी लिहून ठेवले आहे. स्वतःवरचा राग गाणाऱ्याचे गाणे ऐकून दुसऱ्यावर हात टाकणारे श्रोते होते. त्यांनी तबकडीतला आरसा पाहिला नाही, फक्त मूठ पाहिली. बंडखोरांच्या न्यायबुद्धीविषयीही भाबडे राहण्याचे कारण नाही. ज्या ग्रेग गिनने स्वतःच्याच बँडचे नाव वापरण्याची मनाई सोसली, त्याच्या एसएसटीविरुद्ध पुढे अनेक कलावंतांनी मानधन थकवल्याच्या तक्रारी केल्या. २०१३ साली तर ‘फ्लॅग’ या नावाने जुनी गाणी वाजवू लागलेल्या आपल्याच पूर्वीच्या साथीदारांना रोखण्यासाठी तो कोर्टात गेला. न्यायालयाने त्या ऑक्टोबरमध्ये तशी मनाई करण्यास नकार दिला. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही, हे आपण राजकारणातही पाहतोच.

तरीही पहिल्या प्रश्नाकडे यायला हवे, कारण तो आता घरोघरचा आहे. तेव्हा निदान तबकडीचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू येत असे. आता पोरांच्या कानात काय चालले आहे ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बापालाही कळत नाही. कळले तर बहुधा चुकून, आणि तेव्हा आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘विरोधी’ हाच: संस्कृतीविरोधी, कुटुंबविरोधी, आईबापांविरुद्ध. हा शब्द सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढे ऐकण्याची जबाबदारी राहत नाही. पण पोराने कानठळ्या बसवणारे गाणे का निवडले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या गाण्यात आपल्याविषयी काही नसतेच. त्याच्या स्वतःविषयी असते. ते ऐकायचे तर गाणे आवडण्याची अट नाही. पस्तीस मिनिटे बसण्याची तयारी हवी आणि ऐकून झाल्यावर आपले खरे मत, खऱ्या कारणासह, सांगण्याची हिंमत हवी. आवडले नाही तर नाही म्हणावे. पॉलिवॉग पार्कमधल्या मंडळींनी निदान तेवढे केले.

आणि त्यानंतर ताट वाढावे. रेजिस गिन यांच्या घरात तेच होत होते.