चौथे वर्ष कुणाचे?

बारावीनंतर तीन वर्षे आणि मग हातात पदवी, हा हिशेब आपल्या घराघरांत इतका पक्का बसला आहे की मुलीच्या लग्नाचा विचारही त्यावरच बेतला जातो. ‘एकदा ग्रॅज्युएट होऊ दे, मग बघू.’ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या हिशेबात आणखी एक वर्ष आणले आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करून ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घेता येते. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला १६०. त्यांतले १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे आणि प्रबंधाचे. हे वर्ष केल्यास पुढची एम.एस्सी. एका वर्षात पुरी होऊ शकते, आणि गुण पुरेसे असतील तर थेट पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो.

हा प्रश्न विद्यापीठांचा आहे, त्यात महिला संघटनांनी कशाला पडायचे, असे काही मैत्रिणींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. पोषणशास्त्र, गृहविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, मानसशास्त्र या आरोग्याशी जोडलेल्या विषयांना मुली मोठ्या संख्येने जातात. चौथ्या वर्षी यांतल्या कित्येकजणी वही घेऊन वस्तीत, अंगणवाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात येतील. पाळी, बाळंतपण, रक्तक्षय यांबद्दल प्रश्न विचारतील. उत्तरे द्यायची आहेत ती आपल्याच गटांतल्या बायकांनी. म्हणून प्रश्न कोणते असावेत, ते कसे विचारावेत आणि विचारणारी कोण असावी, यात आपला शब्द असलाच पाहिजे.

आरोग्याच्या संशोधनाने स्त्रियांचे काय भले होते, याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. तोवर सरकारी दप्तरी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढेच होते. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे ही ‘बाईच्या जातीला लागलेली’ दुखणी आजार म्हणून मोजली गेली, ती या अभ्यासामुळे. बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याची ओरड पत्रकारांनी आणि संघटनांनी केली. २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. बायका सांगत होत्याच, पण त्यांचे म्हणणे आकड्यांत आल्यावरच सरकारला ते नाकारता आले नाही.

एका विद्यार्थिनीच्या एका वर्षात एवढे मोठे काम होणार नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. पण लहान प्रश्नांची आपल्याकडे वाण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मग वाटलेल्या लोहाच्या गोळ्या बायका का घेत नाहीत? मळमळ होते म्हणून, की उपाशीपोटी कामाला जावे लागते म्हणून? अंगणवाडीतून गरोदर बाईसाठी घरी आलेला शिधा नक्की कुणाच्या ताटात जातो? मुतारी नसल्याने बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या दिवसभर पाणी पीत नाहीत, त्याचा त्यांच्या लघवीच्या त्रासाशी काय संबंध? सगळ्या गावाच्या आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या स्वतःच्या आरोग्याची नोंद कुठे आहे? यांतला एक प्रश्न, एक वस्ती आणि पन्नास-साठ बायका, एवढे एका वर्षात नीट होऊ शकते.

नीट म्हणजे कसे, हेही सांगायला हवे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस मुलींना देण्याचा प्रकल्प झाला. आंध्रात आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले. महिला आणि आरोग्य संघटनांनी आवाज उठवला, प्रकल्प थांबला, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा निराळा प्रश्न. मुलीला विचारले का, हा पहिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे समजून-उमजून दिलेली संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी मागतात. विद्यार्थिनीचा प्रकल्प लहान आहे म्हणून यातून सूट मिळू नये. सरपंचाने किंवा नवऱ्याने दिलेली संमती ही बाईची संमती नव्हे. आणि प्रबंध कपाटात गेला, बायकांना त्यातले काहीच कळले नाही, असे संशोधन आम्हाला नको.

आता ती विद्यार्थिनी तिथवर पोहोचते का ते पाहू. ७५ टक्क्यांची अट घरकाम सांभाळून, एस.टी.ने ये-जा करून शिकणाऱ्या मुलीला भावापेक्षा जड जाते. मार्गदर्शक पीएच.डी. झालेला हवा. तालुक्याच्या ज्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर विभाग चालतो, तिथे तो कुठून येणार? म्हणजे चौथ्या वर्षासाठी मुलीला जिल्ह्याच्या गावी जावे लागेल. राज्य सरकारने २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. या चौथ्या वर्षाला ती माफी लागू आहे का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. तरी खोली, खानावळ, प्रवास यांचा खर्च उरतोच. शिवाय तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ही सोय मुलाच्या बाबतीत निवड असेल, पण मुलीच्या बाबतीत घरच्यांना ती आयती सबब होईल.

१९३३ साली बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा पहिले वर्ष अटींवर, चाचणीचे म्हणून मिळाले. त्यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली आणि पुढे मुंबईत डाळी, दूध, नीरा अशा रोजच्या पदार्थांच्या पोषणमूल्यावर काम केले. आज दारावर नकाराची पाटी नाही. पण चाचणी अजून मुलीचीच होते, फक्त ती आता घरात होते.

म्हणून आमचे सांगणे असे. आपल्या भागातल्या महाविद्यालयात हे वर्ष सुरू आहे का, नसेल तर का नाही, याची चौकशी करा. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलींच्या आईवडिलांशी निकालाआधीच बोला. आपल्या केंद्राच्या नोंदवह्यांत वर्षानुवर्षे साठलेले प्रश्न विद्यार्थिनींपुढे ठेवा, मात्र बायकांची नावे आणि ओळख जपूनच. नैतिकता समितीत वस्तीतली एक बाई असावी, अशी मागणी करा. क्षेत्रकार्यात मुलीला त्रास झाला तर ती महाविद्यालयाबाहेरची गोष्ट म्हणून झटकता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम क्षेत्रभेटींनाही लागू आहेत, हे तिला आणि प्राचार्यांना आठवण करून द्या.

आणि प्रबंध पुरा झाला की तिला वस्तीत परत बोलवा. काय सापडले ते तिने मराठीत, बायकांच्या बैठकीत सांगावे. त्यांनी तिला चार उलट प्रश्न विचारावेत. तुमच्या भागात असे काही घडले असेल, किंवा घडता घडता अडले असेल, तर आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवत आहोत.