टांगलेलं ओझं सोडायचं कधी?

३१ ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. केदारनाथजवळच्या दरीत एक हेलिकॉप्टर कोसळतानाचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर आला असेल. पण ते हेलिकॉप्टर उडत नव्हतंच. मे महिन्यात बिघाडामुळे तातडीने उतरवलेलं ते यंत्र हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर दोराला टांगून गौचरला नेत होतं. थोडं अंतर गेल्यावर खालच्या वजनाने आणि वाऱ्याने एमआय-१७ चा तोल जाऊ लागला, म्हणून ओझं सोडावं लागलं, असं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. कोणालाही इजा झाली नाही.

एवढं महागडं यंत्र सोडून कसं दिलं? उत्तरासाठी झोका आठवा. तीस मीटर दोराला टांगलेली जड वस्तू एकदा जाऊन परत यायला साधारण ११ सेकंद घेते. प्रत्येक हेलकाव्याला ती वरच्या यंत्रालाही आपल्याकडे ओढते. वैमानिकाने घाबरून उलट दिशेला झटका दिला, तर झोक्याला आणखी धक्का दिल्यासारखं होतं आणि हेलकावे वाढतात. म्हणून हेलकाव्यामागे धावायचं नाही, वेग हळूहळू कमी करायचा, हा इथला धडा. त्यात ओझं आकाराने मोठं आणि वेडंवाकडं असेल, तर वारा त्याला गरगर फिरवतो. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत पात्यांना ताकदही कमी मिळते, म्हणजे सावरायला हाताशी फारसं काही उरत नाही.

ओझं सोडलं की सुटलो, असंही नाही. रस्सीखेचीत समोरच्यांनी अचानक दोर सोडला तर आपण मागे कोलमडतो, तसंच इथे होतं. समजा यंत्र १० टनांचं आणि ओझं २ टनांचं आहे. पाती १२ टन पेलण्याइतका जोर लावत असतात. ओझं सुटताच तोच जोर १० टनांवर येतो आणि हेलिकॉप्टर वर उसळतं. वैमानिक डाव्या हातातली दांडी बेताने खाली करून जोर उतरवतो. जोर बदलला की यंत्राचं नाक वळू लागतं, ते पायांनी सावरतो. शिवाय खाली रिकामा दोर लोंबत राहिला, तर वेगात तो मागे उडून शेपटीच्या पंख्यात अडकू शकतो.

एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या जंगलात वणवा पेटला, तेव्हा एमआय-१७ ने भीमतालमधून टांगत्या बादलीने पाणी नेऊन ओतलं. तिथेही प्रत्येक फेरीला वजन एकदम उतरतं. पण ते कधी उतरणार हे वैमानिकाला ठाऊक असतं, त्यामुळे हात आधीच तयार असतो. दोर अचानक तुटला तर ती सवड मिळत नाही.

म्हणूनच ओझं सोडायचं बटण वैमानिकाच्या हाताशी असतं, आणि शक्यतो वस्ती टाळून जाणारा मार्ग निवडतात. ‘इतकं बिघडलं की सोडायचं’ ही मर्यादा उड्डाणाआधी जमिनीवरच ठरलेली बरी. आकाशात विचार करायला काही सेकंदच मिळतात, आणि तेव्हा यंत्राच्या किमतीचा मोह पडला तर आत बसलेल्यांचे जीव जातात. त्या दिवशी दरीत पडलं ते फक्त यंत्र. माणसं घरी परतली.