दुबईला बिऱ्हाड हलवताना

मैत्रिणींनो, यजमानांना दुबईत नोकरी मिळाली की जुमेराचा समुद्रकिनारा डोळ्यांपुढे नाचू लागतो. नाचू द्या! पण आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसा.

जमेची बाजू मोठी आहे. पगारावर प्राप्तिकर नाही. खरेदीवर मात्र २०१८ पासून ५ टक्के व्हॅट लागतो. नोव्हेंबर ते मार्च हवा छान असते.

आता खर्चाची बाजू. वर्षाचं घरभाडं बहुधा थोड्याच चेकांत आगाऊ द्यावं लागतं. आपल्या मुलांना तिथे खाजगी शाळाच. सीबीएसईच्या आहेत, पण फी पगारातून वजा करून पाहा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी किनारा कसला नि काय!

आणि मुख्य गोष्ट. सहसा तुमचा व्हिसा यजमानांच्या व्हिसावर अवलंबून असतो आणि त्यांचा नोकरीवर. ती सुटली, तर ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर परतायचं. म्हणून इथलं घर घाईने मोडू नका. शिवाय यजमानांच्या कागदपत्रांबरोबर स्वतःच्या पदवीचंही राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीची वकिलात यांच्याकडून साक्षांकन करून घ्या. ट्रंकेच्या तळाशी पडलेली तुमची बी.ए.ची पदवी उद्या घर सावरील!