'स्वतःविषयी सांगा' : आत्मकथन आणि नोकरीची मुलाखत

आम्ही काही अध्यापक गेली अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना मराठी आत्मचरित्रे शिकवीत आहोत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही पुस्तके आमच्या तासांना नेहमीची. निवेदक आणि लेखक यांतील अंतर, स्मृतीने केलेली निवड, कथनाचा श्रोता असे विषय विद्यार्थी उत्तरपत्रिकेत नीट मांडतात. मात्र तेच विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला बसले, समोरून 'स्वतःविषयी सांगा' असे शब्द आले, की नाव, गाव, टक्केवारी एवढे सांगून गप्प होतात. वर्गात शिकविलेले कथन त्यांच्या स्वतःच्या आयुष्यापर्यंत पोहोचतच नाही, याची खंत आम्हांला आहे.

ही उणीव भरून काढायला आता प्रशिक्षक येतात. 'तुमची गोष्ट सांगा, संघर्ष सांगा, ऐकणारा हलला पाहिजे' असा त्यांचा मंत्र असतो. अशा एका वर्गानंतर आमच्या एका विद्यार्थिनीने आमच्यासमोर सराव केला. आईवडील ऊसतोडणीला जाणारे. तिने दोन मिनिटांत फड, पाचट, थंडीतली कोपी, आईच्या हातावरचे घट्टे असे सगळे सांगितले. आवाज योग्य जागी कापला. आम्ही काही बोलण्याआधीच आमच्यापैकी एकीला तिने विचारले, "मॅडम, आई इथं असती तर मला हे बोलता आलं असतं का हो?"

प्रश्न साधा होता, पण आत्मचरित्राच्या समीक्षेतला तो कळीचा प्रश्न आहे. आपल्या कथेत इतरांचेही आयुष्य असते, मग ते सांगण्याचा अधिकार आपल्याला कितपत? दलित आत्मकथनांच्या लेखकांना या प्रश्नाची किंमत मोजावी लागली. घरचे उघड्यावर मांडले म्हणून त्यांना स्वजनांचाही रोष पत्करावा लागला. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन रूपे करताना कोण सांगतो आहे आणि कोणाला, याचे भान लेखकाने शेवटपर्यंत ठेवले. मुलाखतीच्या खोलीत नेमके हेच भान हरवते.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. आठवीपासून ही मुलगी टोळीचा हिशेब वहीत लिहीत असे. मुकादमाकडून उचल किती घेतली, रोज किती टन ऊस तोडला, फिटले किती, उरले किती, ते सगळे त्या वहीत असे. एका हंगामाच्या शेवटी मुकादमाचा आकडा आणि तिचा आकडा जुळला नाही, तेव्हा तिच्या वहीवरून बोलणे झाले. हे तू का सांगितले नाहीस, असे आम्ही विचारले. "त्यात काय सांगण्यासारखं?" हे तिचे उत्तर. करुणेच्या साच्यात तिचे कर्तृत्वच गळून पडले होते. तिने पुढच्या मुलाखतीत वहीची हकीकत सांगितली, आईच्या हातांविषयी अवाक्षर काढले नाही. त्या जागी तिची निवड झाली नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पण बाहेर आल्यावर ती आईला फोन करून सगळे सांगू शकली.

व्यवसायाच्या जगातही चांगली कथा रडवण्यावर उभी नसते. स्टीफन डेनिंग हे जागतिक बँकेतील अधिकारी होते. ज्ञानाची देवाणघेवाण हे बँकेचे काम व्हावे, हे त्यांना १९९६ च्या सुमारास सहकाऱ्यांना पटवून द्यायचे होते. तक्ते आणि आकृत्या निष्फळ ठरल्या, तेव्हा त्यांनी एक छोटी हकीकत सांगायला सुरुवात केली. जून १९९५ मध्ये झांबियातील कामाना या लहान गावी एका आरोग्यसेवकाला मलेरियाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावर मिळाले. या चित्रात जागतिक बँक कोठेच नाही, हा त्यांचा मुद्दा. स्थळ, काळ, एक माणूस आणि आपल्याच संस्थेची उणीव एवढ्यावर ती कथा उभी राहिली. आपल्याकडे विठ्ठल कामत यांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' उद्योजक होऊ पाहणाऱ्या कितीतरी मराठी तरुणांच्या हाती गेले. इडलीपासून ऑर्किडपर्यंतचा प्रवास त्यांना हवासा वाटला, तो त्यात कामाचा तपशील आहे म्हणून.

आमचे काही सहकारी म्हणतात, साहित्याला बाजाराच्या दावणीला बांधू नका. ही भीती आम्हांला अनाठायी वाटत नाही. दुःखाला भाव मिळू लागला की ज्याच्यापाशी मोठे दुःख नाही तो ते रचू लागतो, आणि ज्याच्यापाशी आहे त्याला ते पुन्हा पुन्हा उघडे करावे लागते. परंतु आपण दूर राहिलो म्हणून हा बाजार थांबणार नाही. आपली मुले तेथे जाणारच आहेत. मग त्यांनी आपल्याकडून काही घेऊन का जाऊ नये?

आमची सूचना लहान आहे. आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेत एक लेखी उपक्रम असावा. विद्यार्थ्याने स्वतःच्या आयुष्यातील एकच प्रसंग तीनदा लिहावा : मित्रासाठी, मुलाखतमंडळासाठी आणि त्या प्रसंगात असलेल्या घरच्या माणसासाठी. तिन्हींत काय बदलले, काय गाळले, का गाळले, यावर वर्गात चर्चा व्हावी. लक्ष्मीबाई स्वतःच्या फजितीवर किती मोकळेपणाने हसतात, हेही तेव्हा दाखवता येईल.

सांगणे शिकविताना न सांगण्याचा हक्कही शिकवावा लागेल. पोटासाठी आईचे हात दाखवावे लागू नयेत, एवढे बळ आमच्या विषयाने त्या मुलीला आधीच द्यायला हवे होते. ते तिने स्वतःच्या प्रश्नातून मिळवले. पुढच्या तुकडीच्या वेळी तरी हे काम आम्ही तिच्यासारख्यांवर सोडू नये.